बांगड्यांच्या वरची शीर

आपल्याकडं माणूस दवाखान्यातून नुसत्या गोळ्या घेऊन परत आला, तर तो दवाखान्यात गेला होता असं कुणी धरतच नाही. सलाईन लागली पाहिजे. बाटली टांगली, थेंब पडायला लागले, शेजारपाजारची दोन माणसं 'काय झालं हो' म्हणत डोकावून गेली, की निम्मं दुखणं तिथंच पळतं. डॉक्टर सलाईन नको म्हणाला तर लोक म्हणतात, ह्याला काही येत नाही, आणि उठून दुसऱ्याकडं जातात. वारंगा फाट्याच्या आसपासच्या गावांत तर हे इतकं मुरलंय, की हळदीचा हंगाम उरकला की बायका एकमेकींना विचारतात, "तुझी सलाईन झाली का?" जसं काही ते वर्षाचं कार्यच आहे.

रुख्मिणीबाईला सलाईनचं भारी वेड. आणि नशीब असं, की तिच्या घरात सलाईन लावणारी सूनच आली.

पुनम वसमतची. नर्सिंगचा कोर्स झाला आणि बालाजीशी लग्न होऊन ती ह्या गावात आली, तेव्हा सासूला तिचं काहीच पसंत नव्हतं. भाकरी जाड करते. हळदीच्या रानात पाय ठेवला की तोंड वाकडं करते. आणि सकाळी डबा भरून फाट्यावरच्या दवाखान्यात पळते ती दिवस मावळताना येते. "ही सून हाय का पाव्हणी हाय, काही समजंना," असं रुख्मिणीबाई शेजारच्या चांगुणाला म्हणायची, पुनमला बराबर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तशी बाई वाईट नव्हती. तोंडानं फटकळ आणि कामाला तिच्यापुढं गडीमाणूस टिकायचा नाही. पण जिला गोड बोलायचं कसं हेच कुणी शिकवलं नाही, ती सुनेशी काय गोड बोलणार? पुनमही कमी नव्हती. ती कामापुरतं बोलायची आणि आपल्या खोलीत जायची.

मग पहिल्याच साली, हळद शिजवायचं काम चालू असताना, रुख्मिणीबाई हळदीच्या मोठ्या कुकरशेजारी मटकन खाली बसली. चक्कर आली होती. दिवसभर वाफेत उभी, पोटात धड अन्न नाही, आणखी काय होणार? बालाजीनं तिला गाडीवर बसवून घरी आणलं आणि मेडिकलातून बाटली घेऊन आला. खरं म्हणजे मीठ-साखर घातलेलं तांब्याभर पाणी पाजलं असतं आणि सावलीत निजवलं असतं तरी भागलं असतं. पुनमला ते कळत होतं. पण सासू म्हणाली, "सलाईन लाव," आणि लग्न होऊन वर्षही न झालेल्या सुनेनं सासूला नाही म्हणावं, असं आपल्याकडं कुठं होतं?

आता ही सलाईनची सुई. दवाखान्यात तिला इंट्राकॅथ म्हणतात. सुई शिरेत शिरते, मग ती काढून घेतात, आणि आत राहते ती प्लास्टिकची नळी. तिच्या जाडीप्रमाणं रंग ठरलेले असतात. पिवळी लेकरांसाठी, निळी बारीक, गुलाबी मधली आणि हिरवी जाड. कुणाला कुठली लावायची ते माणूस बघून ठरवायचं असतं. काम भागेल तेवढी बारीक घ्यायची आणि होईल तितकी खाली, पंज्याकडं लावायची, एवढी साधी गोष्ट. पुनमला हे कॉलेजात शिकवलं होतं. पण फाट्यावरचा दवाखाना म्हणजे अपघातांचा दवाखाना. तिथं ट्रकनं उडवलेला माणूस आला की जाड सुई घालायची आणि पाणी धो धो सोडायचं, नाहीतर माणूस हातचा जायचा. तिथं पुनमचा हात तयार झाला. शीर कितीही लपलेली असो, तिला एका टोचण्यात सापडायची. ज्याची शीर कुणाला सापडत नाही, त्याला तिच्याकडं आणायचे. फक्त एक झालं, तिचा हात हिरवीशिवाय दुसरीकडं जाईना.

त्या दिवशी तिनं कॅलेंडरच्या खिळ्याला बाटली टांगली आणि सासूचा डावा हात मांडीवर घेतला.

"पंज्यावर लावते, आत्याबाई. बांगड्या जरा काढा, आड येऊन राहिल्या."

"बांगड्या काहून काढू? तुझे मामा चांगले धडधाकट हायेत."

"मग उजव्या हाताला लावू?"

"अन् जेवू कशानं? डाव्यालाच लाव. बांगड्यांच्या वर लाव."

बांगड्यांच्या वर, अंगठ्याच्या अंगाला एक सरळ, ठसठशीत शीर होती. फाट्यावर असली शीर बघितली की सिस्टर लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. पुनमनं हिरवी काढली. रुख्मिणीबाईनं डोळे घट्ट मिटले, आणि उघडले तेव्हा पाणी चालूही झालं होतं.

"लावली बी?" ती म्हणाली.

"लावली की."

रुख्मिणीबाईनं काही वेळ हाताकडं बघितलं आणि मग सुनेकडं बघितलं. "तुझा हात हलका हाय," ती म्हणाली. ह्या घरात पुनमच्या वाट्याला आलेलं ते पहिलं चांगलं वाक्य. दुसऱ्या दिवशी ते चांगुणाच्या घरी पोचलं आणि आठवड्यात अख्ख्या आळीत झालं. आमच्या सुनेचा हात असा, आमच्या सुनेचा हात तसा. जी बाई सुनेला पाहुणी म्हणायची, तीच आता लोकांना तिच्यापुढं हात धरून बसवायला लागली. पुनमला आवडायचं ते. कुणाला आवडणार नाही?

तेव्हापासून घरात चालच पडली. हळद काढून झाली की एक सलाईन. शिजवून झाली की एक. गुडघे धरले, सलाईन. दिवाळीच्या कामानं थकवा आला, सलाईन. सृष्टीचा जन्म झाला, बाळंतीण पुनम, आणि बाळंतिणीची उस्तवार करून दमली म्हणून सलाईन सासूला, तीही बाळंतिणीनंच उठून लावली. आता हसावं का रडावं, तुम्हीच ठरवा. हात दरवेळी डावाच आणि जागा बांगड्यांच्या वरचीच. पहिली जागा कडक झाली की पुनम बोटभर वर सरकायची.

बाटली चालू असेपर्यंत पुनमला शेजारी बसावं लागायचं. हात हलला तर सूज यायची. तेवढ्यात रुख्मिणीबाई बोलायची. एरवी कामाशिवाय तोंड न उघडणारी बाई पाण्याच्या थेंबाकडं बघत पुसेगावचं माहेर सांगायची. तिथल्या विहिरीत ती पोरांच्या बरोबरीनं पोहायची. एकदा सख्ख्या भावाला बुडताना केसांना धरून वर काढलं होतं. सासूला, म्हणजे पुनमच्या आजेसासूला, आपण किती भीत होतो तेही सांगायची. मध्येच सुनेचा पंजा हातात घेऊन, "किती राठ झाला गं तुझा हात, त्या साबणानं व्हय?" असं विचारायची. पुनम हां हां करायची आणि तिचा डोळा बाटलीवर असायचा.

कारण खरं सांगायचं तर, हिरवी सुई काही नुसत्या सवयीनं लागत नव्हती. पुनम दिवसभर उभी राहून आलेली असायची. भांडी पडलेली, लेकरू भुकेजलेलं, सकाळचा डबा डोक्यावर. बारीक निळी लावली की बाटली रेंगाळायची, सरता सरत नसायची. हिरवी लावली आणि नळीवरचं चाक पूर्ण सोडलं की झटक्यात मोकळी. सासू गोष्टीच्या मध्यात असायची आणि बाटली सरायची. "बाकीचं उद्या सांगा," म्हणत पुनम कापूस दाबून उठायची. उद्या काही ते सांगणं व्हायचं नाही.

दवाखान्यात पुनमहून थोरली अशी एक शरीफा सिस्टर होती, केस पिकलेली. पुनमनं एकदा घरासाठी हिरव्या सुया घेतलेल्या तिनं बघितल्या.

"ट्रकखाली आलेल्या माणसाचं सामान सासूला कशाला लावून राहिली, बेटा?"

"लवकर उरकतं, सिस्टर."

"निळी लाव. पंज्यावर लाव. म्हाताऱ्या माणसाच्या शिरा जपून ठेवाव्या. कवा लागतील, सांगता येत न्हाई."

पुनम हसली. सासूला काय झालंय, दगडासारखी आहे, असं काहीतरी बोलली. ते बोलणं पुढं तिला कितीदा आठवलं असेल, त्याची गणती नाही.

दगडाला आतून काय झालं होतं ते कुणाला दिसत नव्हतं. रुख्मिणीबाईला बीपी होतं. गोळ्या दिलेल्या होत्या, पण डोकं दुखलं की एक घ्यायची आणि बरं वाटलं की डबा फळीवर. त्याउलट गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या मात्र शेंगदाण्यासारख्या खायची. गेल्या हंगामात तिचे पाय सुजायला लागले. रानात उभं राहून सुजले असतील, असं सगळेच म्हणाले. थकवा तर इतका, की भाकरी थापताना मध्येच थांबायची. तिनं आपला नेहमीचा हात पुढं केला आणि पुनमनं आपली नेहमीची हिरवी काढली. सकाळी उठून बघते तर सासू उशांना टेकून बसलेली, श्वास पुरेना, तोंड सुजून निराळंच झालेलं. अंगातलं पाणी बाहेर जायची वाटच बंद झाली होती, आणि पुनमनं वरून एक बाटली ओतली होती.

नांदेडला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या, आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस, जन्मभर. तातेराव, म्हणजे पुनमचे सासरे, 'जन्मभर म्हणजे किती?' असं परत परत विचारत राहिले. तूर्त मानेत एक नळी घालून काम सुरू केलं. पण मानेतली नळी म्हणजे उघडं दार, तिथून जंतू कधी आत शिरतील त्याचा नेम नाही. टिकायचं असेल तर हातावर छोटं ऑपरेशन करायचं. मनगटाजवळची एक शीर धमनीला जोडली की ती काही आठवड्यांत जाड होते आणि मग डायलिसिसच्या सुया तिच्यात लावता येतात. त्याला फिस्टुला म्हणतात. चांगला जमला तर माणूस वर्षानुवर्षं काढतो. "डाव्या हाताला करू," डॉक्टर म्हणाले. "बांगड्या काढा, आजी."

ह्या वेळी रुख्मिणीबाईनं बांगड्या काढू दिल्या.

ऑपरेशनच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. बोटानं दाबत दाबत ते मनगटापासून कोपरापर्यंत गेले, परत खाली आले, परत वर गेले. मग सोनोग्राफीचं यंत्र हातावर फिरवून बघितलं. पुनम पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. डॉक्टरांचं बोट जिथं जिथं थांबत होतं ती एकूण एक जागा तिला पाठ होती.

"शीर सगळी बंद झालीय," ते म्हणाले. "नुसती दोरी राहिलीय. इथं इतक्या सुया कुणी लावल्या?"

रुख्मिणीबाईचा चेहरा उजळला. एवढ्या दुखण्यात, मानेत नळी असताना, ती उशीवरून जरा उठली. "माझ्या सुनेनं," ती म्हणाली. "ही काय उभी हाय. फाट्यावर सिस्टर हाय ती. ज्याची शीर कुणाला घावत न्हाई ना डॉक्टरसाहेब, त्याला हिच्याकडं आणतात. इतक्या सलाईनी लावल्या, पर मला एकदा बी दुसऱ्यांदा टोचलं न्हाई."

डॉक्टरांनी पुनमकडं बघितलं. पुनमला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. कुणी शिव्या दिल्या असत्या, कुणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं. हे कौतुक सहन होण्यासारखं नव्हतं.

बाहेर आल्यावर डॉक्टर आवाज चढवून बोलले नाहीत. "नेमकी हीच शीर आम्हाला लागते, सिस्टर," ते म्हणाले. "पंज्यावर लावली असती, बारीक लावली असती, तर..." आणि मग त्यांनीच विषय आवरला. "जाऊ द्या. पुढचं तुम्हाला तेव्हा कुठं माहीत होतं."

पण सांगितलं होतं ना शरीफा सिस्टरनं. पुनमच्या मनातून ते काही जाईना.

शेवटी उजव्या हाताला ऑपरेशन करायचं ठरलं. तिथली शीर बारीक आहे, जमेल न जमेल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. रुख्मिणीबाई आधी ऐकेना. उजवा हात देऊन बसले तर भाकरी कशानं थापू, घास कशानं घेऊ, म्हणाली. पुनमनं तिचे पाय धरले तेव्हा कुठं हो म्हणाली. ऑपरेशन झालं. जोडलेल्या शिरेवर बोट ठेवलं की आत थरथर लागायची. रक्त जोरानं वाहतंय, जोड चालू आहे, ह्याची ती खूण. पुनम रोज सकाळी चूल-चहाच्या आधी सासूच्या मनगटावर बोटं ठेवायची आणि थरथर लागली की मगच तिचा दिवस सुरू व्हायचा. तिनं देवाला काय काय कबूल केलं होतं ते तिचं तिलाच ठाऊक. आठवड्यानं एका सकाळी बोटं ठेवली आणि काहीच लागलं नाही. तिनं जागा बदलून बघितली. कान लावून बघितला. शीर गार पडली होती.

"काय झालं गं?" रुख्मिणीबाईनं विचारलं.

"काही न्हाई, आत्याबाई. बंद पडली वाटतं." असं म्हणून पुनम अंगणात गेली आणि बालाजी तोंड धूत होता त्याच्याजवळ जाऊन रडली.

आता मानेतल्या नळीवरच चाललंय. दंडात वरच्या बाजूला जोड जमतो का ते कधीतरी बघू, असं डॉक्टर म्हणतात. पण मधेमधे थंडी वाजून ताप येतो, आणि दरवेळी बाई थोडी आणखी खाली उतरलेली दिसते. पुनमनं दवाखान्यात आठवड्यातले दोन दिवस सुट्टी मागून घेतली. नांदेडला नेणं, आणणं, बसणं, सगळं तीच करते. बालाजी म्हणाला, मी जातो एखाद्या वेळी. ती नाही म्हणाली.

डायलिसिसचा हॉल मोठा आहे. ओळीनं पलंग, प्रत्येकाशेजारी यंत्र, आणि चार तास काही करायचं नसतं. परवाच्या दिवशी, यंत्र लागल्यावर, पुनमनं इतके दिवस पोटात ठेवलेलं सांगून टाकलं. मान खाली घालून, सासूच्या पायावरची चादर सारखी करत.

"आत्याबाई, तुमचा डावा हात माझ्यामुळं गेला. त्या सुया मी लावायला नको होत्या. अन् लावल्या त्या तशा लावायला नको होत्या. हे ऑपरेशन त्याच हातावर झालं असतं. मानेत हे घालून फिरायची पाळी तुमच्यावर आली नसती."

रुख्मिणीबाईनं छताकडची नजर काढून सुनेकडं बघितलं.

"तू कशानं लावल्या?" ती म्हणाली. "मीच लावून घेतल्या."

"तुम्हाला थकवा असायचा म्हून."

"कुठला थकवा? दरवेळी थोडाच असायचा." तिनं दम घेतला. "तू कामावरून आली की खोलीत जायची. मी काही बोलायला गेले की तोंडातून वाकडंच निघायचं, तुला बी ठाऊक हाय. बाटली लावली की तू माझ्यापाशी बसायची. हात धरून बसायची. म्हून म्हणायची, लाव."

पुनमनं चादर सोडली आणि वर बघितलं.

"तुम्ही तसंच बस म्हणल्या असत्या तर बसले नसते का मी, आत्याबाई?"

"मला कसं म्हणता येणार? सासू ना मी." रुख्मिणीबाई थोडी हसली. मग म्हणाली, "आता बघ, चार-चार तास बसतीस. तवा ती बाटली लई लवकर सरायची गं. मी मनात म्हणायची, हिनं जरा बारीक सुई लावली तर किती बरं होईल."

पुनमनं तिचा डावा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांत धरला. आपण हिरवी कशासाठी लावत होतो, ते मात्र तिनं सांगितलं नाही. ते सांगायला तिला तोंड नव्हतं.